सादळलेल्या पापडीने तारलेली रेल्वे

पापड सादळला की आमच्याकडे तो उन्हात पडतो. म्हणून जपानमधल्या चोशी गावात घेतलेली पुडी फोडली आणि आतली तांदळाची पापडी हातात वाकली, तेव्हा वाटलं, जुना माल दिसतोय. पण ती तशीच असते. भाजून गरम असतानाच सोया सॉसमध्ये बुडवलेली, मऊ, चिवट, खारट-गोड. नाव नुरे-सेन्बेई, म्हणजे ओली सेन्बेई. ही पापडी विकते एक रेल्वे कंपनी, आणि ती विकली गेली म्हणूनच तिच्या गाड्या आजही धावताहेत.

चोशी हे चिबा प्रांताचं पूर्वेकडचं टोक, तोक्योहून एक्स्प्रेसने दोनेक तासांवर. जेआरच्या, म्हणजे जपान रेल्वेच्या, गाडीतून उतरल्यावर स्टेशनबाहेर पडायचं नाही, त्याच फलाटाच्या टोकापर्यंत चालत जायचं. तिथे चोशी देन्तेत्सुची, म्हणजे त्या पापडीवाल्या रेल्वे कंपनीची, दोन डब्यांची गाडी उभी असते. एकूण 10 स्टेशनं, 6.4 किलोमीटर, वीस मिनिटांचा प्रवास. मध्ये झाडांचा बोगदा लागतो, मग कोबीची शेतं, आणि शेवटी समुद्राचा वारा.

या मार्गाचा जन्मच दोनदा झालाय. 1913 साली इनुबोच्या किनाऱ्यावर सहलीला येणाऱ्यांसाठी पहिली कंपनी निघाली. चारच वर्षांत ती बंद पडली. पहिल्या महायुद्धात लोखंडाचे भाव चढले होते, तेव्हा रूळ उखडून विकले गेले. मग 1923 मध्ये नव्या कंपनीने त्याच वाटेवर पुन्हा रूळ टाकले आणि तोकावापर्यंत नेले. 1925 मध्ये वीज आली.

चोशी सोया सॉसचं गाव. यामासा आणि हिगेता या दोन्ही जुन्या कंपन्या इथल्याच, सतराव्या शतकापासूनच्या. यामासाच्या कारखान्यातला माल याच रुळांवरून जायचा, आणि वाघिणी ओढायला होतं देकी 3. 1922 साली जर्मनीच्या एईजी कंपनीने बांधलेलं हे बुटकं विजेचं इंजिन आधी यामागुची प्रांतातल्या कोळशाच्या खाणीवर राबलं आणि 1941 मध्ये इथे आलं. मालवाहतूक 1984 ला थांबली. देकी मात्र नाकानोचोच्या शेडमध्ये अजून आहे, आणि स्टेशनच्या प्रवेश-तिकिटावर जवळ जाऊन बघता येतं. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी होते. मला आमच्या विदर्भातली शकुंतला आठवत होती. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची ती अरुंद गाडी कापसासाठी आली, ही सॉसच्या पिंपांवर जगली. शकुंतला थांबली. ही का नाही थांबली, हेच मला समजून घ्यायचं होतं.

थांबायची वेळ तिच्यावरही आली होती. प्रवासी घटत होते, त्यात एका माजी अध्यक्षाने केलेला अपहार उघडकीला आला. 2006 मध्ये गाड्यांच्या सक्तीच्या तपासणीलाही पैसे उरले नाहीत. सेन्बेई 1995 पासून विकली जात होतीच. तेव्हा कंपनीने आपल्या वेबसाइटवर सरळ लिहिलं की गाड्या दुरुस्त करायला पैसे हवेत, कृपया आमची सेन्बेई घ्या. देशभरातून मागणीचा पूर आला. आजही तिकिटांपेक्षा खाऊच्या विक्रीतून कंपनीला जास्त पैसा मिळतो. 2018 मध्ये आणखी एक खाऊ आला, माझुई-बो. माझुई म्हणजे बेचव, आणि ‘परिस्थिती बिकट’ असाही त्याचा अर्थ. स्वतःची अडचण इतकी उघडपणे पाकिटावर छापायला धैर्य लागतं.

स्टेशनांच्या टोपणनावांचे हक्कही विकले जातात. कासागामी-कुरोहाए या स्टेशनाला एका शॅम्पूवाल्या कंपनीने ‘कामिगे कुरोहाए’ म्हणजे ‘काळे केस उगवोत’ असं नाव दिलं, मूळ नावाशी अगदी यमक जुळणारं. आणि 2014 मध्ये रुळावरून घसरून एक गाडी नादुरुस्त झाली, तेव्हा तिच्यासाठी इंटरनेटवरून वर्गणी गोळा केली ती गावातल्याच कॉमर्स हायस्कूलच्या मुलांनी. शकुंतलेचं उत्तर मला इथे सापडलं. ही गाडी आपली आहे, असं गावाने कृतीने म्हटलं.

गाड्यासुद्धा सगळ्या इतरांनी वापरून दिलेल्या. ज्या डब्यात मी बसले होते तो 1960 च्या दशकात तोक्योच्या केइओ रेल्वेसाठी बांधलेला, मग शिकोकू बेटावर मात्सुयामात चालला, आणि 2010 मध्ये इथे आला. 2024 पासून ओसाकाकडच्या नानकाई रेल्वेची, डोंगर चढलेली गाडीही सेवेत आहे. पत्रे जुने, पण खिडक्या लख्ख पुसलेल्या.

तोकावा हे शेवटचं स्टेशन, 1923 चं लाकडी घर. तिथे रूळ संपतात. परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून बाकावर बसून आईला व्हिडिओ कॉल लावला आणि सेन्बेई कॅमेऱ्यासमोर वाकवून दाखवली.

‘‘अगं, सादळलंय ते. उन्हात घाल,’’ ती म्हणाली.

मी तिला सगळी हकीकत सांगितली. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, ‘‘येताना दोन पुड्या आण.’’

मी चार घेतल्या.