एक ओळ म्हणजे काय?

"डेटाबेस डिझाइन शिकायचंय, सुरुवात कुठून करू?" मी सॉफ्टवेअर करतो हे कळलं की कोल्हापुरात कुणी ना कुणी हे विचारतंच. पाठोपाठ येतं, "मायएसक्यूएल घेऊ की पोस्टग्रेस?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. ही दोन्ही डेटाबेसची सॉफ्टवेअर, पण आत्ता यातलं काहीच घेऊ नका. वही घ्या आणि जवळच्या दूध संस्थेत जाऊन बसा. जिल्ह्याचा दूध संघ गोकुळ १९६३ पासूनचा. आपल्या जिल्ह्यात दूध संस्था शोधायला लांब जावं लागत नाही.

तिथे सभासद येतो, कोड नंबर सांगतो, दूध घालतो. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) नोंदलं जातं आणि दर दहा दिवसांनी बिल निघतं. नवशिका बिलाकडे बघूनच टेबल काढतो: नाव, पत्ता आणि पुढे दिवस १ ते दिवस १०. दिसायला झकास! पण ३१ दिवसांच्या महिन्यात शेवटचं बिल ११ दिवसांचं होतं, फेब्रुवारीत ८ किंवा ९ दिवसांचं. त्यात सकाळ-संध्याकाळ वेगळी, आणि एखाद्याच्या गोठ्यात म्हैसही असते, गायही. कॉलम वाढवता वाढवता पान संपेल.

म्हणून टेबल काढण्याआधी स्वतःला विचारा, यातली एक ओळ म्हणजे नेमकं काय? संकलनाची एक ओळ म्हणजे एका सभासदाने, एका तारखेला, एका वेळेला घातलेलं एका प्रकारचं दूध. या चार गोष्टी मिळून ओळ एकमेव ठरते. आता कुणी आधी एक किटली आणली आणि अर्ध्या तासाने दुसरी, तर ती बेरजेत धरायची की वेगळी ओळ? हे पुस्तकात सापडणार नाही, संस्थेच्या सचिवांना विचारावं लागेल. माझ्या मते डिझाइनचा बराचसा भाग असले प्रश्न विचारण्यातच जातो, आणि क्लासमध्ये नेमकं तेच कुणी करून घेत नाही.

सभासदाची ओळख नावावर ठेवू नका. एका गावात एकाच नावाचे पाटील किती निघतील सांगता येत नाही. कोड नंबर बरा वाटतो. पण वडिलांच्या माघारी तोच नंबर मुलाच्या नावावर झाला तर? मग कोड ही खात्याची ओळख झाली, माणसाची नव्हे. डेटाबेसने दिलेला स्वतंत्र क्रमांक प्रायमरी की, म्हणजे ओळीची एकमेव ओळख, ठेवा आणि कोड साध्या कॉलमात राहू द्या.

नाव आणि मोबाइल सभासदाच्या टेबलात एकदाच. संकलनात फक्त त्याचा क्रमांक, म्हणजेच फॉरेन की. मोबाइल बदलला तर एकाच जागी बदलायचा. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती टेबलांत मांडायची पद्धत, मांडलं आणि त्यातूनच पुढे नॉर्मलायझेशनचे, म्हणजे एक माहिती एकाच जागी ठेवण्याचे, नियम आले. ते पाठ करायची घाई नको.

दराची गोष्ट मात्र वेगळी. दर फॅट आणि एसएनएफवर ठरतो आणि दरपत्रक अधूनमधून बदलतं. दरपत्रकाच्या टेबलात 'लागू तारीख' हवीच, नाहीतर नवा दर टाकताच मागचं बिल नवीन आकडा दाखवेल आणि संस्थेत भांडण लागेल. मी तर त्या वेळी लागलेला दर संकलनाच्या ओळीतही लिहून ठेवतो. काही जण याला पुनरावृत्ती म्हणून नाक मुरडतात. पण त्या दिवशी काय दर लागला ही त्या दिवसाचीच नोंद आहे, ती नंतर बदलायची नसते.

वहीत पाचसहा सभासदांचं दहा दिवसांचं दूध हाताने भरा आणि त्यावरून एक बिल काढून बघा. जमलं की एसक्युलाइट हा छोटा डेटाबेस घ्या. फुकट आहे, अख्खा डेटाबेस एका फाइलीत मावतो. त्यात फॉरेन कीची तपासणी (संकलनातला क्रमांक सभासदाच्या टेबलात खरंच आहे का, ही) सहसा बंद असते आणि प्रत्येक कनेक्शनला, म्हणजे दरवेळी डेटाबेस उघडताना, ती चालू करावी लागते. ती केल्यावर, ज्याचं दूध नोंदलंय अशा एखाद्या सभासदाची ओळ पुसून बघा. पुसली गेली, तर तपासणी अजून चालू झालेली नाही किंवा टेबल करताना फॉरेन की लिहायचीच राहिली आहे.