सोळा खान्यांत हलगी बसवताना

माझा एक मित्र गाण्यांचं प्रॉडक्शन करतो. देवीची गाणी, वरातीची गाणी, मधूनच एखादी जाहिरात. हलगी, संबळ, ढोल यांचे लूप त्याच्याकडे ढिगानं होते, पण लूप म्हणजे कुणीतरी एका लयीत वाजवून ठेवलेले दोन-चार बार (आवर्तनं). टेम्पो बदलायचा तर ताणावे लागतात आणि जास्त ताणले की आवाज फाटतो. मधला एक ठोका नको असेल तर तोही काढता येत नाही. "हलगीसाठी ८०८सारखं काहीतरी कर की," तो म्हणाला. नोकरीत मी सी प्लस प्लसच लिहितो, त्यामुळे नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

८०८ म्हणजे रोलँडचं १९८० सालचं टीआर-८०८ हे ड्रम मशीन. एका ओळीत सोळा बटणं, प्रत्येक बटण म्हणजे एक खाना. आजचे बहुतेक सॉफ्टवेअर सीक्वेन्सर, म्हणजे ठोके क्रमानं वाजवणारे प्रोग्रॅम, हीच मांडणी वापरतात. ज्यूस हे फ्रेमवर्क घेतलं की प्लगइनचा, म्हणजे संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या प्रोग्रॅमचा, सांगाडा तयार मिळतो. खाने पेटवून आवाज ऐकू येईपर्यंत फार वेळ गेला नाही. खरं काम त्यानंतरचं.

डीएडब्ल्यू, म्हणजे गाणं ज्यात रेकॉर्ड करून जुळवतात ते यजमान सॉफ्टवेअर, तुमच्याकडे आवाज एकसलग मागत नाही, तुकड्यांत मागते. सॅम्पल म्हणजे आवाजाचं एक सुटं माप. तुकडा ५१२ सॅम्पलचा आणि दर सेकंदाला ४८,००० सॅम्पल असतील, तर एक तुकडा साधारण १०.७ मिलिसेकंदांचा. ठोका वाजवायची वेळ झाली की पुढच्या तुकड्याच्या सुरुवातीला वाजवून टाकायचा, हा सोपा मार्ग. कानाला तो पहिल्यांदा बरोबरच वाटतो. पण १२० बीपीएमला (मिनिटाला १२० बीट) बारचा सोळावा भाग, म्हणजे एक खाना, १२५ मिलिसेकंदांचा, म्हणजे बरोबर ६,००० सॅम्पलचा असतो आणि ६,०००ला ५१२नं भाग जात नाही. त्यामुळे प्रत्येक ठोका वेगवेगळ्या अंतरानं उशिरा पडतो.

हा उशीर किती मोठा आहे, ते स्विंगशेजारी, म्हणजे दर दुसरा ठोका मुद्दाम मागे सरकवून आणलेल्या डौलाशेजारी, ठेवलं की कळतं. रॉजर लिन यांनी आपल्या ड्रम मशीनमध्ये स्विंग टक्क्यांत मोजली. ५० टक्के म्हणजे दोन सोळावे भाग अगदी सारखे, ६६च्या आसपास तिहेरी चाल. ५४ टक्के लावले तर १२० बीपीएमला दुसरा ठोका फक्त १० मिलिसेकंद मागे सरकतो, पण तेवढ्यानं गाणं डोलायला लागतं. म्हणजे सोप्या मार्गातली चूक जवळजवळ त्या अख्ख्या स्विंगएवढी! म्हणून तुकडा सुरू होताना गाणं कुठल्या बीटवर आहे ते यजमान सॉफ्टवेअरला विचारायचं, या तुकड्यात कुठले खाने येतात ते काढायचं आणि ठोका नेमक्या त्या सॅम्पलवर ठेवायचा. गाणं लूपमध्ये फिरत असेल तर तुकड्याच्या मधेच वेळ मागे उडी मारते. काही डीएडब्ल्यू तिथे तुकडा तोडून देतात, काही देत नाहीत. या एका भानगडीनं माझे बरेच रविवार खाल्ले.

ऑडिओ थ्रेडचे, म्हणजे प्रोग्रॅममधल्या फक्त आवाज वेळेत पुरवणाऱ्या धाग्याचे, नियम हे काम करणाऱ्या सगळ्यांना पाठ असतात: तिथे मेमरी मागायची नाही, लॉक घ्यायचं नाही, फाइल उघडायची नाही. कमी बोललं जातं ते मेमरी सोडण्याबद्दल. वाजत असताना आवाज बदलला तर जुन्याची मेमरी सोडणं हेही त्या थ्रेडचं काम नव्हे. ती दुसऱ्या थ्रेडकडे पाठवून तिथेच मोकळी करावी लागते.

मग हलगी. वादक वाजवण्याआधी ती शेकतात. कातडं तापून ताणलं की तो खणखणीत आवाज येतो आणि गार होताना तो उतरत जातो. आम्ही प्रत्येक आघात हलक्यापासून जोरापर्यंत कित्येकदा रेकॉर्ड केला, मधेमधे शेकत. एकच फाइल ओळीनं वाजवली तर कानाला लगेच यंत्र ऐकू येतं, म्हणून प्लगइन त्या आळीपाळीनं घेतं. हाय-हॅटमध्ये (ड्रम सेटमधल्या झांजांच्या जोडीत) बंद ठोका उघड्याला गप्प करतो. तीच सोय तबल्याच्या डग्ग्याला जशीच्या तशी कामी आली: घुमणाऱ्या 'गे'ला 'क' कापतो. फक्त कापताना दोन-तीन मिलिसेकंदांचा उतार द्यायचा, नाहीतर टक्क वाजतं.

सोळाचा हट्ट मात्र सोडावा लागला. दादऱ्याच्या मात्रा सहा, रूपकाच्या सात. म्हणून प्रत्येक ओळीची लांबी वेगळी ठेवता येते. पहिल्या खान्याला आपोआप जोर देण्याची सोय अनेक ठिकाणी असते, ती मी मुद्दाम ठेवली नाही, कारण रूपकाची सम 'खाली'वर, म्हणजे बिनजोराच्या मात्रेवर, पडते. आणि हलगीची चाल स्विंगच्या एका टक्क्यात मावत नाही. बारीक काडीचे ठोके प्रत्येक जागी निराळे सरकलेले असतात. त्यामुळे प्रत्येक खान्याला पुढे-मागे सरकवायचा स्वतंत्र खटका दिला.

चाचणीची माझी आवडती पद्धत सांगतो. तोच पॅटर्न ६४च्या, ५१२च्या आणि १,०००च्या तुकड्यांत रेंडर करायचा आणि एक दुसऱ्यातून वजा करायचा. उरली पाहिजे निव्वळ शांतता. 'ह्युमनाइझ', म्हणजे ठोके माणसानं वाजवल्यासारखे थोडे कमी-जास्त करायची सोय, बसवल्याबरोबर ही चाचणी कोसळली, कारण यादृच्छिक आकडे दर वेळी नवे येत होते. आता ते बार आणि खान्याच्या क्रमांकावरून निघतात. प्रॉडक्शनवाल्यांनाही तेच हवं असतं. ऐकताना आवडलेला बार एक्स्पोर्टमध्ये वेगळा निघाला, तर शिव्या कुणाला पडणार?

बाकी व्हीएसटी३ आणि मॅकसाठी ऑडिओ युनिट हे प्लगइनचे साचे, ॲपलची वार्षिक ९९ डॉलरची फी, विंडोजसाठीची सही, हे सगळं कंटाळवाणं आहे आणि करावंच लागतं.

वापरणाऱ्यांनी सगळ्यात जास्त मागितलं ते पॅटर्न मिडी (आवाज नव्हे, नुसती ठोक्यांची नोंद) म्हणून ओढून ट्रॅकवर टाकणं. तेही दिलं, सरकलेले ठोके जसेच्या तसे ठेवून. लोक तो ओढून नेतात आणि पहिलं काम काय करतात, तर सगळं सिलेक्ट करून क्वांटाइझ, म्हणजे सरकलेले ठोके पुन्हा काटेकोर खान्यांत. त्यावर माझ्याकडे इलाज नाही.