‘बोटं हलतायत ना, मग घाई कसली?’

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात शाळेतून परतताना ओल्या वळणावर स्कूटी घसरली आणि मी उजव्या खांद्यावर आपटले. कॉलर बोन मोडलं. प्लेट बसली, टाके निघाले, ते सगळं वेळच्या वेळी झालं. पण हात वर उचलेना, कोपर वाकेना. बोटं तेवढी हलत होती, मूठही वळत होती. पुढे याच बोटांनी माझा घात केला.

अपघातानंतर पाचव्या दिवशी, प्लेट बसवली त्याच हॉस्पिटलात नसांची तपासणी झाली, एनसीव्ही. मनगटापाशी, कोपरापाशी करंट देऊन बघितलं. रिपोर्ट आला की सिग्नल जातोय. ‘नस दबलीय, सहा महिन्यांत येईल, वाट बघा,’ असं सांगून घरी सोडलं. आम्ही दहा आठवडे वाट बघितली. त्या काळात एकदा डाव्या हाताने पोळी उलटताना उजवा अंगठा तव्याच्या कडेला टेकलेला राहिला. फोड आल्यावर लेकीने दाखवला तेव्हा मला कळलं. अंगठा आणि शेजारचं बोट बधिर झालेलं असतं, त्याला कळ पोचत नाही. ज्यांचा हात असा आहे त्यांनी गॅसजवळ तो झोळीतच ठेवावा. झोळीसुद्धा नुसती मनगटाला अडकवलेली नको, कोपराला खालून आधार देणारी हवी, नाहीतर खांदा खाली ओघळतो.

दहाव्या आठवड्यात तालुक्याच्या फिजिओथेरपिस्टताईंनी माझ्या खांद्यावर बोट ठेवलं आणि त्या गप्प झाल्या. खांद्याचा गोल भाग वाळून हाड हाताला लागत होतं. ‘ताई, आता वाट बघू नका. नसांची ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनना दाखवा,’ म्हणाल्या. पुढच्याच आठवड्यात कराडहून रात्रीची एसटी धरून आम्ही मुंबई गाठली.

तिथल्या सर्जननी फाइल उघडली आणि रिपोर्टच्या आधी त्यावरची तारीख वाचली. मानेतून निघून हाताकडे जाणाऱ्या नसांचं जे जाळं असतं, ब्रेकियल प्लेक्सस, त्यातली सी-५ आणि सी-६ ही वरची दोन मुळं माझी गेली होती. खांदा आणि कोपर यांचं काम वरच्या मुळांकडे असतं आणि बोटांचं मुख्यतः खालच्यांकडे, म्हणून बोटं चालू होती. आणि नस वर तुटली तरी खालचा तुकडा काही दिवस जिवंत असतो, करंट दिला की तो पुढे पोचवतो. म्हणून पाचव्या दिवशीचा चांगला रिपोर्ट काहीच सांगत नव्हता. खरी तपासणी तीन-चार आठवड्यांनी करायची असते, तीही स्नायूत सुई घालून, ईएमजी. आमच्या हातात होता तो कागद फसवा होता आणि आम्ही तो दहा आठवडे जपून ठेवला होता.

डॉक्टरांनी मग हिशेब मांडला. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, म्हणजे महिन्याला तीन सेंटिमीटर. मानेपासून दंडाच्या स्नायूपर्यंत पोचायला वर्षाच्या आसपास लागू शकतं. आणि स्नायू नसेवाचून वर्ष-दीड वर्ष राहिला की नंतर नस येऊनही तो उठत नाही. मी रोज गणित शिकवते. हे गणित मला फळ्याशिवाय कळलं. शक्यतो सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन हवं होतं, आणि त्याआधी ईएमजी.

ईएमजीच्या खिडकीवर सात आठवड्यांनंतरची तारीख मिळाली.

मी परत परत सांगितलं की अकरावा आठवडा चालू आहे, सात आठवड्यांनी अठरावा उजाडेल. खिडकीतल्या माणसाने माझ्या हाताकडे बघितलं. मी पावती धरली होती. ‘बोटं हलतायत ना मॅडम, मग घाई कसली? इथे लोकांचे अख्खे हात गेलेत.’ मागे रांग होती. ह्यांनी मला बाजूला घेतलं. दुसऱ्या खिडकीवर सांगितलं, पहिल्या खिडकीवर जा. तिसऱ्या खिडकीवर कळलं की माझ्या कागदावर नुसतं ‘एनसीव्ही, उजवा हात’ एवढंच लिहिलंय. सुईची तपासणी त्यात नाहीच, म्हणजे सात आठवडे थांबून मला पुन्हा तोच अर्धा रिपोर्ट मिळाला असता! सुईची तपासणी करणारे डॉक्टर आठवड्यातून दोनच दिवस असायचे. सकाळी सातला केसपेपरच्या रांगेत लागलेले आम्ही दुपारी दोनपर्यंत याच तीन खिडक्यांत फिरत होतो. तहान लागली होती, पण बाटलीचं झाकण एका हाताने उघडेना आणि ह्यांना हाक मारायचीही इच्छा उरली नव्हती.

शेवटी मी वर ओपीडीत परत गेले. एका शिकाऊ डॉक्टर मुलीने ऐकून घेतलं आणि त्याच कागदावर तीन ओळी लिहिल्या: अपघाताची तारीख, कोणकोणत्या स्नायूंत सुई घालून बघायचं, आणि ‘ऑपरेशनचा निर्णय या रिपोर्टवर’. या तीन ओळी मला सकाळीच मिळाल्या असत्या तर! तुम्ही कोणाला घेऊन जाणार असाल तर हे आधी लिहून घ्या, मगच खिडकीवर जा. कागद बघून तोच माणूस म्हणाला, ‘ठरलेलं कोणी आलं नाही तर तुम्हाला घेऊ, साडेआठला येऊन बसा.’ आम्ही डोंबिवलीला नणंदेकडे राहिलो आणि दोन्ही वारी जाऊन बसलो. सहाव्या दिवशी नंबर लागला. तपासणीला जाताना हाताला तेल-क्रीम लावू नका, सैल बाह्यांचं घालून जा आणि हात गरम ठेवा. गार हातात सिग्नल हळू जातो.

ऑपरेशन पंधराव्या आठवड्यात झालं. मान आणि खांदा उचलणाऱ्या स्नायूच्या नसेची एक फांदी खांद्याकडे वळवली. करंगळीच्या बाजूला जाणाऱ्या नसेतला एक धागा दंडातल्या स्नायूच्या नसेला जोडला. ही दुसरी पद्धत फ्रान्सच्या ओबरलिन या सर्जननी १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. जोड स्नायूच्या अगदी जवळ होतो, म्हणून मानेपासूनची ती लांब वाट वाचते.

मग व्यायाम. मूठ घट्ट आवळायची, मनगट आत वाकवायचं आणि त्याच वेळी कोपर वाकवायचा प्रयत्न करायचा, कारण मेंदूकडून त्या धाग्याला मुठीचाच निरोप जात असतो. पाच महिने मी चेंडू दाबत बसले. मार्चमधल्या एका संध्याकाळी लेक अभ्यासाला शेजारी बसली होती. ती म्हणाली, ‘आई, पुन्हा दाब.’ मी दाबला. दंडावर कातडीखाली काहीतरी सरकलं, तांदळाच्या दाण्याएवढं. तिने तिथे बोट ठेवलं. आम्ही दिवे लावायचे विसरून तेच करत बसलो.

जूनमध्ये घास तोंडापर्यंत आला. खांदा तितका आला नाही. फळ्याच्या खालच्या अर्ध्यात लिहिते, वरचं मुलं लिहितात.

व्यायामाचं एक राहिलंच. ऑपरेशन व्हायच्या आधीही सांधे रोज हलवून घ्यायचे, विशेषतः कोपर अंगाला लावून पंजा बाहेर वळवायचा. मी ते दहा आठवडे केलं नव्हतं, खांदा आखडला आणि तो मोकळा करण्यातच पुढे कितीतरी दिवस गेले. ब्लाउज घालताना आधी अधू हात, काढताना तोच शेवटी. रात्री मिरची चोळल्यासारखी आग होते, तिच्यावर वेगळ्या गोळ्या असतात. साध्या दुखण्याच्या गोळीने ती थांबत नाही, डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.

पाचव्या दिवशीचा तो रिपोर्ट अजून फाइलमध्ये सगळ्यात वर आहे. त्याच्या तारखेखाली मी लाल पेनाने रेघ मारली आहे.