दापोलीकडच्या वाडीत चार दिवस: गटाची वही आणि उन्हातले रातांबे

बचत गटाची बैठक पाहायची असेल तर रात्री जेवणं उरकल्यावरच जा. मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. मे महिन्यात रेल्वेने खेड, तिथून एसटीने दापोली आणि दुसऱ्या एसटीने वाडीचा फाटा, असं करत मी दुपारी तीनला पोचले. समाजमंदिराला कुलूप होतं. बायका मागल्या पडवीत रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडत बसल्या होत्या आणि कुणालाही मान वर करायला वेळ नव्हता. मीही विळी मागून घेतली.

वाडीचं नाव देत नाही; बायकांनीच नको म्हटलं.

बँकेत 31 वर्षं काढली, त्यातली बरीच गटांच्या कर्जाचे अर्ज पाहण्यात. पण गटाची बैठक तिच्या जागी बसून कधी पाहिली नव्हती. ती रात्री नऊला सुरू झाली. बारा जणी, महिना शंभर रुपये बचत. म्हणजे वर्षाला 14,400 रुपये, आणि हे दहा वर्षं चाललंय. आतल्या आत कर्ज, शेकडा दीड रुपया महिना व्याजाने. ते व्याज गटातच राहतं. हा मुद्दा बायका फार ठामपणे सांगतात, कारण दर बुधवारी एका फायनान्स कंपनीचा माणूस वाडीत हप्ते गोळा करायला येतो. एकीच्या डोक्यावर अशी तीन कर्जं होती. एक फेडायला दुसरं, दुसरं फेडायला तिसरं. त्यातलं एक गटाने तिला उसने देऊन बंद केलं. दोन्हींना सूक्ष्म कर्जच म्हणतात, पण एका ठिकाणी व्याज वाडीबाहेर जातं आणि दुसऱ्या ठिकाणी पुढच्या बाईच्या मुलीची फी होतं.

मला सर्वांत जास्त आवडली ती वही. सचिव प्रत्येक नोंद मोठ्याने वाचते, आणि तोच आकडा आपल्या पासबुकात आहे का, हे ज्या त्या बाईने बोट ठेवून पाहायचं. पूर्वी दहावीपर्यंत शिकलेली एकच सून वही लिहायची. मग ठरलं की दर वर्षी वही नव्या हातात द्यायची, अडखळत लिहिलं तरी चालेल. साठीच्या एक काकी पन्नाशीत सही शिकल्या. मला म्हणाल्या, "आता अंगठा नाय गो, मी वाचून सही करतंय." गटांना बँकेशी जोडण्याची नाबार्डची, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेची, योजना 1992 मध्ये 500 गटांपासून सुरू झाली. आज तीन लाखांपर्यंतचं कर्ज महिला गटांना सात टक्क्यांनी मिळू शकतं. पण बँकेत गेल्यावर कागद वाचता आला नाही, तर ते सात टक्केही कुणीतरी दुसराच सांगणार. शिक्षण आणि कर्ज वेगळे उपक्रम म्हणून चालवणाऱ्या संस्थांनी ही एक बैठक पाहावी, असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुरुडला गेले. महर्षी कर्व्यांचं गाव. परीक्षा देता यावी म्हणून हा मुलगा इथून साताऱ्यापर्यंत चालत गेला आणि लहान दिसतो म्हणून त्याला परत पाठवलं. 1893 मध्ये विधवेशी लग्न केल्यावर याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. 1916 मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ काढलं. समुद्रावर सुपारीच्या बागांमधून चालताना मला सारखी काकींची सही आठवत होती.

आता जाणाऱ्यांसाठी. मेच्या शेवटापर्यंत जा; पहिला पाऊस आला की आमसुलं वाळत नाहीत. सालं रसात बुडवून उन्हात घालायची, पुन्हा रस, पुन्हा ऊन, अशी पुटं देतात. एवढी मेहनत पाहिल्यावर घासाघीस करावीशी वाटणारच नाही, करूही नका. आमसुलं, आगळ (कोकमाचा घट्ट रस), फणसपोळी, कुळथाचं पीठ घ्यायचं तर आठवडाभर आधी फोनवर मागणी सांगा आणि रोख पैसे न्या, वाडीत मोबाईलची रेंज धड नसते. परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ उतरतानाच कंडक्टरला विचारा. पुढे गुहागरकडे जायचं तर दाभोळहून धोपाव्याची फेरीबोट आहे, श्रीवर्धनकडे जायचं तर वेसवीहून बागमांडल्याची. दोन्हींत गाडी चढते. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव चालतो, तिथे मध्ये उभं राहून फोटो काढू नका, बायकांचा धंद्याचा वेळ असतो. गटाच्या वहीचे फोटो तर अजिबात नकोत, त्यात प्रत्येकीचं कर्ज लिहिलेलं असतं.

जुने कपडे नेऊ नका. मी विचारलं, काय हवंय? तिघी जणी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणार आहेत. मराठी, इतिहास त्या आपल्या आपण वाचतील. गणित शिकवायला माणूस हवा, तोही रात्री नऊनंतर, बैठक नसेल त्या दिवशी. शेवटच्या दोन रात्री मी शिकवलं. शेकडेवारी त्यांना माझ्याआधी तोंडी यायची, फक्त कागदावर मांडता येत नव्हती. दिवाळीनंतर मी पंधरा दिवसांसाठी जातेय. डिसेंबर आणि जानेवारी अजून रिकामे आहेत.