तुंगनाथच्या वाटेवर खरसूची रोपं

उत्तराखंडच्या हिमालयात चोपता ते तुंगनाथ मंदिर ही चढण साडेतीन-चार किलोमीटरची. तेवढ्यात जंगल संपतं आणि बुग्याल, म्हणजे उंचावरची गवताळ कुरणं, सुरू होतात. वाटेवर बहुतेकांचे कॅमेरे बुरांशाच्या, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच्या, लाल फुलांकडे वळलेले असतात. मी मात्र खरसूच्या झाडाखाली वाकून पाहतो. बुरांश एखाद्या वर्षी लवकर फुलला तर तो त्या हिवाळ्याचा लहरीपणाही असू शकतो. तापमानवाढीत जंगलाचं पुढे काय होणार ते रोपांवरून कळतं.

खरसू हा इथला उंचावरचा ओक. त्याचं बी ऐन पावसाळ्यात पिकतं आणि साठवून टिकत नाही: थोड्याच दिवसांत ओल मिळाली नाही तर मरतं. ऊब वाढली की बी लवकर पिकतं, पाऊस मात्र आपल्याच वेळेला येतो. मग बी कोरड्या पाचोळ्यावर पडून वाळतं. त्यात भर म्हणजे चाऱ्यासाठी फांद्या छाटल्या जातात, गुरं कोवळे शेंडे खातात. म्हणून म्हाताऱ्या झाडांखाली गुडघाभर उंचीची रोपं दिसली नाहीत, तर सगळा दोष हवामानावर टाकू नये.

दर 100 मीटर चढलं की तापमान साधारण 0.5 ते 0.65 अंशांनी उतरतं. म्हणजे एक अंश तापमानवाढीला झाडांनी दीडशे-दोनशे मीटर वर सरकायला हवं. हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात वर माती उथळ असते. बर्फाचं पांघरूण पातळ झालं तर थंडी थेट मुळांपर्यंत पोचते. वृक्षरेषेवरच्या, म्हणजे झाडं जिथे संपतात तिथल्या, सिमरूच्या (ऱ्होडोडेंड्रॉनचीच एक जात) झुडपांपलीकडे रोपं दिसलीच, तर आधी तिथली चराई थांबली आहे का ते विचारावं. नुसती चराई बंद झाल्यानेही झाडं वर सरकतात.

कुरणातल्या वनस्पतींची अडचण वेगळी. शिखराच्या वर जागाच नाही, आणि चढावं तसं क्षेत्र आक्रसत जातं.

कुरणांतले हे बदल मोजायची 'ग्लोरिया' नावाची जागतिक पद्धत आहे. शिखराखाली चारही दिशांना 3 × 3 मीटरचा चौकोन आखायचा, त्याच्या चार कोपऱ्यांतल्या एकेक चौरस मीटरमधली प्रत्येक जात नोंदवायची आणि तापमापक 10 सेंटिमीटर खोल पुरायचा. काही वर्षांनी त्याच चौकोनांत, त्याच हंगामात पुन्हा मोजणी करायची. हंगाम चुकला की घोळ होतो: फुलोऱ्याविना गवतं ओळखू येत नाहीत आणि असलेली जात नाहीशी झाल्याची नोंद होते.