अठरा सेंट

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या इमारतीत गेली १४ वर्षे मी हाताच्या रुग्णांना व्यायामोपचार देते. येणाऱ्यांपैकी बरेच जण दुचाकीवरून पडलेले असतात आणि पुण्यात त्याचे कोणाला नवल वाटत नाही. त्यामुळे एका जूनमध्ये गिटार वाजवणारे गृहस्थ आले, तेव्हा त्यांच्या हाताकडे मी जरा अधिक उत्सुकतेने पाहिले.

वय ४५, वाद्यवृंदात २० वर्षे वाजवलेले, घरी शिकवण्याही घेणारे. डाव्या हाताच्या दोन शस्त्रक्रिया एकाच वेळी झाल्या होत्या. मनगटावरचा आडवा बंध कापून त्याखालची नस मोकळी केली होती. शिवाय कोपराच्या आतल्या हाडामागून जाणारी अल्नर नस, म्हणजे कोपर कशावर आपटले की जिच्यामुळे करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ती, त्या हाडाच्या पुढे आणून बसवली होती. त्याआधी आठ महिने दुखण्याचे मूळ मानेत आहे असे समजून मानेवरच उपचार चालले होते. तेवढ्या काळात करंगळी बधिर झाली आणि अंगठा व तर्जनी यांमधला मांसल भाग खोल गेला.

"गणपतीत वाजवता येईल ना, मॅडम?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता. नसेचे जे तंतू आतून तुटलेले असतात ते रोज साधारण १ मिलीमीटर या गतीने पुन्हा वाढतात, आणि कोपरापासून तळहातापर्यंत २५ सेंटिमीटरांच्या आसपास अंतर भरते. नुसत्या दबलेल्या तंतूंना एवढा वेळ लागत नाही, पण दोहोंचे प्रमाण बाहेरून हात पाहून ठरवता येत नाही. मी "बघू" म्हटले. आमच्या व्यवसायात हा शब्द फार खपतो.

वणाचे मालिश, नस मोकळी सरकत राहावी यासाठीच्या हालचाली, करंगळी बाजूला नेऊन परत आणणे, हे सगळे त्यांनी निमूटपणे केले. आठव्या आठवड्यापासून गिटार दिवसातून तीन वेळा, पाच-पाच मिनिटे, एवढीच परवानगी मी दिली. कॅपोबद्दल, म्हणजे गिटारीच्या मानेवर बसून सगळ्या तारा एकदम दाबून धरणाऱ्या चिमट्याबद्दल, मात्र आमचा थोडा वाद झाला. कॅपो वर सरकवला की मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांमधले अंतर कमी होते आणि बोटे कमी ताणावी लागतात हे त्यांचे म्हणणे खरे होते; पण हात अंगाकडे आला की कोपर अधिक दुमडते, आणि मला तेच नको होते. शेवटी तिसऱ्या पट्टीवर तडजोड झाली.

दहाव्या आठवड्यात ते गिटार घेऊनच आले आणि तेही वैतागून. "वाद्यच बिघडलंय. सूर चढा लागतो. दुकानात दाखवलं, तर तो म्हणतो, काही दोष नाही." गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतात, त्यामुळे पंखे बंद होते, त्यामुळे ॲम्प्लिफायरशिवाय वाजणारी ती इलेक्ट्रिक गिटार खोलीत स्वच्छ ऐकू येत होती. त्यांनी गिटारीच्या डोक्याला सूर तपासणारा चिमट्याचा ट्यूनर लावला. मोकळी तार बरोबर. तर्जनीने दाबलेला स्वर बरोबर, मधल्या बोटाचाही बरोबर. करंगळी टेकली आणि काटा १८ सेंटांवर गेला. एका अर्धस्वराचे १०० भाग केले तर त्यातला एक म्हणजे सेंट, हे त्यांनी मला तेव्हा समजावले.

दोघेही काही क्षण त्या काट्याकडे पाहत राहिलो. बोटाला स्पर्श नीट कळत नसला की माणूस गरजेपेक्षा जास्त जोर लावतो; पेला धरतानाही हेच होते, फक्त पेला तक्रार करत नाही. येथे तार अधिक दाबली जात होती, आणि बोट सरळ न उतरता तिला किंचित खालीही ओढत होते, कारण बोटांना बाजूला सांभाळणारे स्नायू अजून अशक्त होते. ही दोन्ही कारणे सूर चढवणारीच. चिमटीचा जोर मोजणारे माझे यंत्र बोट किती जोर लावू शकते ते सांगते. किती पुरला असता हे त्यावर दिसत नाही.

मग त्याच ट्यूनरवर व्यायाम बसवला. करंगळी तारेवर नुसती ठेवायची, तार खरखरत असतानाच जोर हळूहळू वाढवायचा आणि स्वर स्वच्छ झाला की तेथेच थांबायचे. पहिल्या दिवशी दहांपैकी दोनदा जमले. त्यांनी घरी वही घातली आणि तारखेपुढे सेंट लिहू लागले: १८, १६, पुन्हा १९ (त्या दिवशी शिकवणी लांबली होती, असे शेजारी लिहिले होते), १२.

गणपतीत त्यांनी एका कार्यक्रमात चार गाणी वाजवली आणि बाकीची शिष्याकडे दिली. तोवर आकडा सातावर आला होता. मी पुढचा अहवाल पाठवताना चिमटीच्या जोराखाली तोही सवयीने लिहून टाकला, आणि संध्याकाळी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला: "बाकी सगळं कळलं, पण करंगळी सात सेंट म्हणजे नक्की काय?"