भिंतीकडेचा न फळणारा वेल

तळेगावच्या घरात आम्ही 2021 च्या उन्हाळ्यात राहायला आलो. जूनमध्ये मागच्या भिंतीकडेला एक वेल उगवला. मी लावलेला नव्हता, म्हणून तण समजून उपटून टाकला. पंधरा दिवसांत त्याच जागी नवा कोंब आला. तोही उपटला, तरी पुन्हा आला. दिवाळीनंतर सगळं वाळून नाहीसं झालं, आणि पुढच्या वर्षी वळवाच्या दोन-तीन सरी पडताच नेमक्या त्याच जागी तोच वेल हजर. पडलेलं बी दरवर्षी इतक्या अचूक एकाच ठिकाणी रुजत नाही. खुरप्याने बाजूची माती हलकेच सारून पाहिली, तर वीतभर खाली चांगला मुठीएवढा कंद. तेव्हापासून उपटणं बंद केलं आणि हा आहे तरी कोण, याच्या मागे लागले.

मोबाइलवरच्या ॲपला पानाचा फोटो दिला. एकदा कारलं सांगितलं, एकदा तोंडली, एकदा कवंडळ. कवंडळाचं फळ विषारी, त्यामुळे खात्री झाल्याशिवाय यातलं काहीही तोंडात घालायचं नाही, अशी मुलांना सक्त ताकीद दिली. नुसत्या पानावर ओळख पटवू नये, हे माझं तेव्हापासूनचं ठाम मत आहे. एकाच वेलावर एक पान अखंड आणि दुसरं तीन भागांत कातरलेलं मी स्वतः पाहिलं.

मग ताणे, म्हणजे वेल आधाराला धरतो ते तंतू, बघायला लागले. कवंडळाचा ताणा पुढे दोन-तीन फाट्यांत फुटतो, शिवलिंगी या दुसऱ्या रानवेलाचा दुभंगतो. माझ्या वेलाचे सगळे ताणे एकेरी. ती दोन्ही बाद झाली. कारल्याला असा कंद नसतो. राहिली तोंडली, पण तिचं फूल पांढरं, म्हणून फुलाची वाट पाहिली. कळ्या दिवसभर मिटलेल्या असायच्या आणि सकाळी पाहावं तर फूल मलूल होऊन लोंबत असायचं. पावसाने खराब होतात असं वाटत होतं. एका संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढायला मागे गेले, तर भिंतीवर पाच फिकट पिवळी फुलं टवटवीत उमललेली! सासूबाई सावंतवाडीच्या. त्यांनी एक फूल हातात घेतलं आणि म्हणाल्या, "गो, हीं तर फागलां!" आमच्याकडची करटुली.

नाव कळलं, पण फळ काही धरेना. ऑगस्ट संपत आला, रोज संध्याकाळी फुलं येत होती आणि सकाळी गळत होती. कोणी आंबट ताक फवारायला सांगितलं, कोणी राख टाकायला. मी दोन्ही केलं, शिवाय गांडूळखतही घातलं. वेल आणखी माजला, एवढंच.

बाजारात करटुली विकायला बसणाऱ्या एका मावशींना मी कळ्या असलेला शेंडाच नेऊन दाखवला. त्यांनी एक कळी चिमटीत धरली. "ताई, हा नर हाय. ह्याला कितीबी खत घाला, फळ न्हाय धरायचं." कळीला टोपीसारखं लपेटलेलं हिरवं पान त्यांनी नखाने बाजूला केलं. ते नराचं. मादीच्या फुलाखाली कळीपासूनच बारीक काटेरी करटुलं दिसतं. करटुल्यात नर वेगळा, मादी वेगळी. इतके महिने माझ्या डोळ्यांसमोर तीच खूण होती.

आता मादी हवी होती. बी लावलं तर रोप नर निघेल की मादी, हे फुलल्याशिवाय कळत नाही, म्हणून कंदच हवा. मावशींनी त्यांच्या बांधावरच्या फळणाऱ्या वेलाचा एक कंद पुढच्या मे महिन्यात आणून दिला. पैसे घेताना त्या नकोच म्हणत होत्या, मी बळेच दिले. तो नरापासून चार हातांवर लावला आणि बांबूचा मांडव केला. मध्ये लाल भुंगेऱ्यांनी पानांची चाळण केली. ते मी सकाळी हातानेच वेचून काढले.

जुलैच्या शेवटी मादी फुलली. अंधार पडताना नराचं फूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि परागाचा भाग मादीच्या फुलात हलकेच टेकवायचा. पहिल्या संध्याकाळी चार फुलांना टेकवलं. तीन दिवसांनी त्यातली तीन फुगायला लागलेली दिसली, आणि मी सासूबाईंना हाक मारत घरात धावले. दोन आठवड्यांनी हिरवीगार करटुली काढली. सासूबाईंनी कांदा आणि ओलं खोबरं घालून भाजी केली.

एक फळ मुद्दाम वेलावरच पिकू दिलं. ते पिवळं होऊन उकललं, आत लालभडक गर. त्यातल्या बियांपैकी दोन यंदा रुजल्या आहेत. रोज संध्याकाळी मी त्यांच्या शेंड्यांना कळी आली का ते बघते.